हिरवे पाणी

हिरवा रंग मुलांना शिकवावा लागत नाही. पाचवीतल्या पोराला निळी आणि पिवळी वडी दिली, की तो आपला आपण हिरव्यावर जाऊन पोचतो. आणि एकदा पोचला, की डोंगर, झाड, राघू असे करता करता त्याच्या पेटीतली हिरवी वडी सर्वांत आधी झिजते. चित्रकलेचा मास्तर म्हणून गेली वीस वर्षे मी हे पाहत आलो आहे. शिवाय मी कोकणातला. हिरव्याचे मला अप्रूप नाही. तरीही २०२४ च्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मित्राच्या बंगल्यामागे जो हिरवा मी पाहिला, तो माझ्या कोणत्याही पेटीत नव्हता. वाटाण्याची आमटी पातेल्यात करून आठ दिवस झाकून विसरावी आणि मग झाकण काढावे, असा काहीसा तो रंग होता. आणि हे पातेले आठ मीटर लांब व चार मीटर रुंद होते.

मित्र माझ्या बाकावरचा. १९९५ साली आम्ही दोघे मॅट्रिक झालो. आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. माझे शिक्षण तिथेच थांबले. पुढे चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या आणि ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत खडू हाती घेतला. तो ठाण्याला गेला, इमारतींच्या धंद्यात शिरला आणि वर चढला. २०१९ साली त्याने वडिलोपार्जित जागेत जांभ्या दगडाचा देखणा बंगला बांधला. ‘मागे पूल बांधतोय,’ असे त्याने गावात सांगितले, तेव्हा ‘पूल? तिथे ओढा कुठे आहे?’ असे जाणत्या माणसांनी त्याला विचारले होते. शेवटी गावाने त्याचे नाव हौद ठेवले आणि तेच रूढ झाले.

नाही म्हटले तरी त्या हौदाला मी मनातल्या मनात हसलो होतो. आम्ही दोघे पोहायला शिकलो ते देवळामागच्या तळ्यात, पाठीला पांगाऱ्याचे लाकूड बांधून. त्या पाण्यालाही हिरवट झाक असे. त्यात मासे होते, बेडूक होते, वरून वडाची सावली होती. कोणी कोणाला खायचे हे त्या मंडळींनी आपसांत ठरवून घेतलेले होते, आणि मास्तराने मध्ये पडायची गरज नव्हती. ज्या मुलाने अशा तळ्यात डुंबून बालपण घालवले त्याला पुढे फरशीचा हौद लागावा, याची मला गंमत वाटली होती.

पाडव्याला त्याचा फोन आला. मे महिन्यात तो, वहिनी आणि नऊ वर्षांची मुलगी असे तिघे पंधरा दिवसांसाठी येणार होते. हौदाचे पाणी बिघडले आहे, राखणदाराला काही सुचत नाही, तेव्हा तू लक्ष घाल, असे तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, ‘फुकट नको रे मास्तर. महिन्याला काही ठरवू.’

मला ते लागले. ‘पैसेच द्यायचे असतील तर माणूस बघ,’ मी म्हटले. पलीकडे काही वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, ‘बरं, तसाच बघ.’

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून मी गेलो. राखणदार म्हातारा काठावर उकिडवा बसला होता. पायरीवर पाय ठेवला तो सरकन घसरला. पायऱ्यांवर बुळबुळीत थर होता. मी काठी पाण्यात घातली. हातभर खाली गेल्यावर तिचे टोक दिसेनासे झाले. खोल बाजूला पाणी जेमतेम माझ्या छातीला लागेल एवढे. पण नऊ वर्षांचे मूल त्यात गेले तर काठावर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसणार नाही, हे त्या काठीने मला दाखवले. त्यानंतर मला हसू आले नाही. पोहण्याच्या हौदाचे पाणी केवढे स्वच्छ हवे याची एक साधी कसोटी सांगतात: सर्वांत खोल जागी नाणे टाकावे, छापा पडला की काटा, हे काठावरून ओळखता आले पाहिजे. मी खिशातले दहाचे नाणे टाकले. ते गेले ते गेलेच.

‘गुरुजी, मोरचूद टाका की,’ राखणदार म्हणाला. पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारण्यात त्याचा जन्म गेला आहे, तेव्हा त्याचे हे सुचवणे स्वाभाविक होते. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरेच आहे. पण त्यातले तांबे पाण्यातून आपोआप जात नाही. हौदाच्या गिलाव्यावर त्याचे डाग बसतात, आणि पिकलेल्या किंवा फिक्या केसांना हिरवी झाक येते ती त्याच्यामुळेच. लोक दोष मात्र क्लोरीनला देतात. मी मोरचुदाला नकार दिला आणि घासणी शोधायला पंपाच्या खोलीत गेलो.

तिथे मला माझी कादंबरी भेटली.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. माझी पहिली कादंबरी २०१३ साली छापून झाली. पाचशे प्रती निघाल्या. प्रकाशकाने माझ्याकडून काही रक्कम मागितली होती. ती कुठून आणायची या विवंचनेत मी असताना मित्राने दोनशे प्रती एकरकमी विकत घेतल्या. ‘ऑफिसात वाटतो, साइटवर वाटतो,’ असे तो म्हणाला होता. त्या भरवशावर ठाण्यात माझे दोनशे वाचक आहेत, असे मी अकरा वर्षे समजून चाललो होतो. एखादे वेळी नवे लिहिताना, हे ठाणेकरांना आवडेल का, असा विचारही मनात येऊन जाई. ते दोनशे वाचक सुतळी न सोडलेल्या आठ गठ्ठ्यांत, क्लोरीनच्या वड्यांच्या पिंपाला टेकून बसले होते. पिंपाचे झाकण नीट लागत नव्हते. त्यातून सुटणाऱ्या वाफेने खोलीतल्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, आणि वरच्या प्रतींची मुखपृष्ठे उडाली होती. ते मुखपृष्ठ मीच काढले होते. त्यावर एक डोंगर होता, हिरवा. आता तो चुन्याच्या निवळीसारखा दिसत होता.

मी घासणी घेतली आणि बाहेर आलो. राखणदाराला काही बोललो नाही. त्या दिवशी मी हौदाची एक भिंत इतकी घासली, की रात्री खांदा वर होईना.

पहिले चार दिवस मी अडाण्यासारखे वागलो. पाणी हिरवे म्हणजे औषध कमी, असा सरळ हिशेब करून तीनाच्या जागी सहा वड्या तरंगत्या डब्यात भरल्या. पाण्यावर काही परिणाम नाही. मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते तसली टी.सी.एल. पावडर आणली, आणि वड्यांच्या पिंपातले डावले तिच्यात घालणार होतो. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, ज्यांना मी पाण्याचा नमुना दाखवायला बोलावले होते, त्या ओरडल्याच. वड्यांचा क्लोरीन आणि पावडरीचा क्लोरीन हे कोरडे एकत्र आले तर भडका उडतो. दोन्हीही पाणी शुद्ध करणारी, पण एका डब्यात नांदणार नाहीत.

मग बाईंनी पिंपावरचे नाव मोठ्याने वाचले: ट्रायक्लोरोआयसोसायान्युरिक ॲसिड. ‘सर, नावातच सगळं आहे,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. क्लोरीन उन्हाला फार भितो. भर उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतो. म्हणून त्याच्या सोबतीला सायान्युरिक आम्ल देतात. ते क्लोरीनला धरून ठेवते, उन्हापासून राखते, आणि लागेल तसतसे थोडेथोडे सोडते. वडीत हे दोघे एकत्रच असतात. क्लोरीन आपले काम करून संपून जातो. राखणारा मात्र पाण्यातच राहतो. पुढच्या आठवड्याला नवी वडी, नवा राखणारा. दहा लाख भागांत तीस ते पन्नास भाग, इतका तो असावा. त्यापलीकडे गेला, की त्याची राखण घट्ट होते. तो क्लोरीनला असा कवटाळून बसतो की शेवाळ समोर दिसत असून क्लोरीनला हात उचलता येत नाही.

मी तिथेच खडूने फरशीवर गणित मांडले. हौद ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर: ४०,००० लिटर पाणी. एक वडी २०० ग्रॅमची. तिच्यामागे दहा लाखांत सुमारे पावणेतीन भाग राखणारा पाण्यात उरतो. पावसाळा संपल्यापासून राखणदाराने इमानाने दर आठवड्याला तीन वड्या टाकल्या होत्या. चोवीस आठवडे. उत्तर दोनशेच्या घरात आले. मित्राने कुरियरने पाठवलेल्या तपासणीच्या पेटीतली नळी काढली. ही परीक्षा मोठी मजेची आहे. हौदाचे पाणी आणि तेवढेच एक द्रावण मिसळले की ते दुधाळ होते. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो, तो दिसेनासा होईपर्यंत ते दुधाळ पाणी हळूहळू ओतायचे. ठिपका जितका लवकर बुडेल तितका राखणारा जास्त. आमचा ठिपका पहिल्या खुणेच्या आतच बुडाला. निम्मे विहिरीचे पाणी घालून पुन्हा पाहिले, तेव्हा शंभराच्या खुणेवर बुडाला. म्हणजे मुळात दोनशे. गणित चुकले नव्हते याचा आनंद, आणि उत्तर असे आले याचे दुःख, दोन्ही मला एकदम झाले.

‘यावर औषध?’ मी विचारले.

‘औषध नाही सर. पाणी काढून टाकायचं. दोनशेचे पन्नास करायचे तर चारातलं तीन हिस्से.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोनशे हा आकडा मला सोडीना. दोनशे भाग आणि दोनशे प्रती. मॅट्रिकच्या परीक्षेची फी मित्राच्या वडिलांनी भरली होती. २००३ साली माझ्या वडिलांचे ऑपरेशन मुंबईत झाले तेव्हा त्याच्या एका खोलीत आम्ही तिघे महिनाभर राहिलो. मग कादंबरी. यातले एकेक त्या त्या वेळी मला उन्हातून वाचवणारेच होते. पण मी त्याच्याशी शेवटचा कधी भांडलो होतो, हे आठवायला लागलो तेव्हा १९९५ च्या अलीकडे येता येईना. त्याने बांधलेल्या हौदाला मी मनात हसलो, तोंडावर नाही. तोही बहुधा असाच काही काही मनात ठेवत असणार.

सकाळी राखणदाराला तीन हिस्से पाणी काढायचे सांगितले, तर तो उठून उभाच राहिला. ‘चैत्रात? तीस हजार लिटर पाणी ओतून द्यायचं? गुरुजी, खालच्या वाडीतल्या बाया ह्याच विहिरीवर येतात.’

तो खरे बोलत होता. आमच्याकडे पाऊस धो धो कोसळतो, आणि जांभा दगड तो चाळणीसारखा खाली सोडून देतो. मेमध्ये विहिरीचा तळ खरवडायची पाळी येते. कोणा एकाच्या मुलीने पंधरा दिवस डुंबावे म्हणून तीस हजार लिटर पाणी, हे माझ्याही तोंडून जाईना. मी हौदाचे झाकून ठेवावे आणि मित्राला फोनवर सांगून मोकळे व्हावे, असे ठरवलेही. तोडगा काढला तो राखणदारानेच. विड्याचे पान चघळत चघळत तो म्हणाला, ‘माडा-पोफळींना रोज विहिरीचं पाणी जातंच ना? ते थांबवू. बाग हौदाचं पाणी पिऊ दे. विहिरीला तेवढी विश्रांती.’

इतके सोपे होते. त्या पाण्यात क्लोरीन नावालाही मोकळा नव्हता, म्हणून झाडांना धोका नव्हता. रोज अडीच हजार लिटर पाटाने बागेत जाऊ लागले. बारा दिवसांत हौद तीन हिस्से रिता झाला, आणि बारा दिवस पंप न चाललेल्या विहिरीत हात-दीड हात पाणी चढले. वाडीतल्या बायका मला हसून विचारत, ‘मास्तर, हौद आटवताय की काय?’ पाणी उतरेल तसतशा उघड्या पडणाऱ्या भिंती मी नि राखणदार काथ्याने घासत गेलो. सकाळची शाळा, दुपारी वार्षिक परीक्षेचे पेपर, संध्याकाळी भिंत. एका भिंतीवर बोटभर रुंदीचे काळे ठिपके होते; ते मुळे धरून बसल्यासारखे. त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. मग सहा रात्री विहिरीतून थोडेथोडे पाणी हौदात सोडले, आणि तेवढे दिवस बागेने अर्ध्या पाण्यावर काढले.

आता पाणी जुळवण्याचे काम. सामू हा शब्द शेतकऱ्यांना माहीत असतो, मला नव्हता. पाण्याचा सामू साडेसाताच्या आसपास हवा. तो आठावर गेला की क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा मारक रूपात राहतो. फार खाली आला की फरशीच्या दरजा आणि शिडीचे लोखंड पाणी खाऊ लागते. नळीत लाल औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. या कामात मात्र मी राजा होतो. पिवळट नारिंगी आणि नारिंगी पिवळा यांतला फरक बाईंना दिसत नव्हता, मला दिसत होता. गंमत अशी, की सकाळचा पिवळट रंग दुपारी चार वाजता लालसर येई. शेवाळ उरले होते थोडे. ते उन्हात पाण्यातला कर्बवायू खाते, म्हणून दिवसा सामू चढतो आणि रात्री उतरतो. आमच्या जांभ्याचे पाणी मऊ, त्यात डाळ चटकन शिजते; पण असल्या पाण्याला स्वतःचे वजन नसते, कोणीही यावे आणि त्याला इकडून तिकडे ढकलावे. ते वजन खायच्या सोड्याने येते. माझ्या हिशेबाने २.७ किलो लागणार होता. किराणा दुकानदाराने माझ्याकडे रोखून पाहिले. ‘मास्तर, किती हजार पानांची भजी?’

मग खरी लढाई. एका संध्याकाळी, ऊन कलल्यावर, पातळ क्लोरीनचे आठ लिटर पाण्यात फिरत फिरत ओतले. शंभर भागांत दहा भाग क्लोरीन असलेले ते द्रावण. दहा लाखांत वीस भाग व्हायला आठ लिटर पुरतात. सकाळी पाहतो तर हिरवा गेला होता आणि राखी आला होता. मी उत्साहाने नळी भरली, क्लोरीनचे औषध टाकले. क्षणभर गुलाबी झाक आली आणि पाणी पुन्हा नितळ. रंग नाही म्हणजे क्लोरीन संपला! मी आणखी एक कॅन उचललाही. पण कशी कोण जाणे, शंका आली आणि बाईंना फोन केला. त्या हसल्या. क्लोरीन इतका जास्त होता की त्याने औषधाचा रंगच पुसून टाकला होता. नमुन्यात साधे पाणी मिसळून पाहिले, तेव्हा गडद गुलाबी उमटला. रंग दिसत नाही म्हणून वस्तू नाही असे धरून चालणारा मी एकटाच रंगकर्मी नसेन. पण त्या दिवशी पेटी मिटून मी बराच वेळ काठावर बसून राहिलो. पंपाच्या खोलीतले ते पांढरे पडलेले गठ्ठे मला समोर दिसत होते. संध्याकाळी मी आणि राखणदाराने ते उचलून वरच्या मजल्यावरच्या कपाटात नेऊन ठेवले.

चार दिवस रोज क्लोरीन, रोज घासणे, दिवसातून दोनदा गाळणीतली वाळू उलट्या पाण्याने धुणे. हे पाणीही बागेकडेच वळवले, पण क्लोरीन उन्हात उतरावा म्हणून दोन दिवस डबऱ्यात थांबवून. शेवटी उरला तो दुधाळपणा, मेलेल्या शेवाळाचा. त्यावर राखणदाराची तुरटी चालली. माझी आजी निवळीची बी माठात उगाळायची, त्याचीच ही मोठी बहीण. रात्रभर पाणी निश्चल ठेवले. सकाळी तळाशी राखेसारखा थर बसला होता. तो झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये इतक्या हळू शोषून काढावा लागतो. क्लोरीन रात्री किती घातला आणि सकाळी किती उरला, हे ताडून पाहायचे असते, कारण रात्री ऊन नसते. पाचव्या सकाळी तो जसाच्या तसा सापडला. त्याला खाणारे पाण्यात कोणी उरले नव्हते. आणि खोल बाजूला फरशीच्या कडेला माझे दहाचे नाणे पडलेले दिसले.

मंडळी मेच्या पहिल्या आठवड्यात आली. मुलगी आल्या आल्या ‘मास्तरकाका, मी उडी मारू?’ म्हणत काठावर नाचू लागली. मी क्लोरीन पुरेसा उतरल्याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि हो म्हटले. रात्री जेवणानंतर मित्र नि मी हौदात पाय सोडून बसलो. त्याने खर्च विचारला. मी वहीतला हिशेब वाचून दाखवला, सोड्यासकट. त्याने पैसे काढले, मी मोजून घेतले. मग तो म्हणाला, ‘गठ्ठे तू वर नेलेस?’

‘हो. खाली वाफ असते.’

तो पायाने पाणी हलवत राहिला.

‘वाटायचं जमलं नाही रे. लाज वाटली.’

‘माझ्या पुस्तकाची?’

‘नाही. कोणी वाचणार नाही याची. तुझ्या पुस्तकाचा साइटवर कोणी गठ्ठा करून बसला असता तर मला सहन झालं नसतं.’ मग जरा वेळाने, ‘मी वाचलंय. दोनदा. शेवट साफ चुकलाय.’

‘अकरा वर्षांनी सांगतोस?’

‘तुला वाईट वाटलं असतं.’

‘मग आता?’

‘आता वाटू दे.’

आणि तो सांगू लागला. नायकाने गाव सोडायलाच नको होते, असे त्याचे म्हणणे. गाव सोडण्यात काय असते ते तुला माहीत नाही, तू इथेच राहिलास, तू ते पुस्तकातून लिहिलेस, असे तो म्हणाला. मी चिडलो. ज्याने गाव सोडले त्याला राहणाऱ्यांचे काय कळणार, असे म्हणालो, आणि त्याच्या हौदाबद्दल २०१९ पासून मनात होते ते सगळे बोलून टाकले. आमचा आवाज इतका चढला की वहिनी गॅलरीत आल्या. मुलगी झोपेतून उठून खाली आली आणि आम्हा दोघांच्या मध्ये बसली. पहाटेपर्यंत तो शेवट आम्ही तीन वेळा बदलला. एकदाही जमला नाही.

सकाळी मी निघालो तेव्हा तिने पाण्यातून हाक मारली. ‘काका, नाणं टाका, मी काढते.’ मी ते दहाचे नाणे खोल बाजूला टाकले. ते गिरक्या घेत खाली गेले आणि फरशीवर बसले. ती बुडी मारायच्या आत मित्र काठावरून वाकून म्हणाला, ‘काटा.’ मला तो छापा दिसत होता.